सणापुरत्या माणसांचा बाक

हळू बसा हो, जरा हळू! दचकू नका, मीच बोलतोय. चर्चमधला अगदी शेवटचा, दाराजवळचा बाक. टेकण्याआधी तुम्ही एकदा दाराकडे बघून घेतलंत, तेव्हाच तुम्हाला ओळखलं मी. घाबरलेली माणसं माझ्याकडेच येतात. आणि खरं सांगू का, मीही काही कमी घाबरट नाही.

माझा जन्मच मुळी कंटाळलेल्या हातांनी झाला. सुताराने पुढचे सगळे बाक कसे मन लावून केले. त्यांच्या पाठीला नक्षी, कडांना गोलाई, वर देणगीदारांच्या नावांच्या पितळी पट्ट्या. माझी पाळी आली तोवर चांगलं लाकूड संपलं होतं. उरलेसुरले तुकडे जोडत तो स्वतःशीच पुटपुटला, "हा मागे जाणार. कोण बघतंय?" दोन-चार वेळा रंधा फिरवला आणि गेला जेवायला. तेव्हापासून मला सगळ्याची धास्ती वाटते. वाळवीची, ओल्या छत्र्यांची, पाय आपटणाऱ्या पोरांची, सगळ्याचीच.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना: ठरलेली माणसं, ठरलेल्या जागा. पुढच्या तीन-चार ओळी भरतात आणि तिथून माझ्यापर्यंत नुसती लाकडं. पण नाताळ येऊ द्या, ईस्टर येऊ द्या, मग बघा गंमत! पाय ठेवायला जागा नसते. ज्या माणसांची पाठ मी वर्षभर पाहिलेली नसते ती इस्त्रीचे कपडे घालून माझ्यावर दाटीवाटीने बसतात. फादर त्यांना 'सणाचे पाहुणे' म्हणतात. दर नाताळच्या प्रवचनात एक टोमणा ठरलेला: "आज बरेच नवे चेहरे दिसताहेत. चला, ईस्टरला पुन्हा भेटूच!" पुढचे लोक खोखो हसतात. मागचेही हसतात, पण त्यांचे पाय माझ्याखाली आक्रसून घेतलेले असतात. ते फादरांना तिथून दिसत नाही.

लोक म्हणतात, हे आळशी. असतील काही. सकाळी अंथरूण सोडवत नाही म्हणणारेही माझ्यावर बसलेत, आणि प्रवचन चालू असताना बसल्या बसल्या घोरलेत. पण बाकीच्यांचं काय? एक टॅक्सीवाला येतो. त्याची आई वारलीय, पण आपण सण चुकवला तर तिला कळेल, ती वरून रागावेल, म्हणून येतो. एक रिटायर झालेला कारकून येतो. त्याचा आता देवावर विश्वास राहिलेला नाही, पण गाणी सुरू झाली की सगळ्यांत मोठ्याने गातो. कोणी 'तुमची श्रद्धा आहे ना हो?' असं विचारलं तर काय सांगायचं, या भीतीने तो शेवटचं गाणं संपायच्या आत पळतो. मिस्सा टाळणारी किती माणसं आतून घाबरलेली असतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? थरथर तर माझ्याच फळीला कळते.

आणि सगळ्यांत घाबरलेली होती ती लॅबवाली.

ती दवाखान्यात लोकांचं रक्त काढते. हाताला कायम स्पिरिटचा वास. एकदा शेजारच्या बाईने तिला ओळखलं, "अगं, तूच ना ती? सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही मला!" इतका तिचा हात हलका आणि स्थिर. आणि तोच हात, ती माझ्यावर बसली की, माझी कड अशी घट्ट धरायचा, की बोटं पांढरी पडायची.

ती घाबरायची ते एका ठरावीक वेळेला. मिस्सेच्या शेवटाकडे ख्रिस्तप्रसादाची वेळ येते. एकेक बाक उठतो, रांगेने वेदीपाशी जातो. फादर प्रत्येकाच्या तळहातावर ती पातळ पांढरी भाकर ठेवतात, माणूस 'आमेन' म्हणतो आणि परत येतो. ज्याला घ्यायचं नसतं त्याने गुडघे आखडून बाकीच्यांना वाट करून द्यायची. रविवारी असा एकटा बसून राहिलेला माणूस अख्ख्या चर्चला दिसतो. कोणी काही बोलत नाही, पण बघतात हो. सणाला मात्र एवढी झुंबड असते, की कोण उठलं, कोण बसलं, कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून ती सणाला यायची. कडेवर, नंतर बोटाला धरून मुलीला आणायची. गर्दी उठली की खाली वाकून मुलीच्या बुटाची नाडी बांधत बसायची. सुटलेली नसली तरी बांधायची.

तिचा गुन्हा काय? नवरा सोडून गेला होता आणि कोर्टातून फारकत झाली होती. बस्स. त्यानंतरच्या पहिल्याच नाताळला तिच्या मावशीने माझ्यावर बसूनच तिच्या कानात सांगितलं, "आता तुला प्रसाद चालायचा नाही बरं. रांगेत गेलीस तर फादर हात मागे घेतील. सगळ्यांसमोर! मला सहन नाही व्हायचं ते." मावशी दुष्ट नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. सांगून झाल्यावर पदराने डोळे पुसत ती पुढून दुसऱ्या बाकावरच्या आपल्या जागी जाऊन बसली.

तो मागे घेतलेला हात तिच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. फादरांना एकदा विचारून टाकायचं की नाही? पण विचारलं नाही तोवर 'कदाचित' तरी शिल्लक राहतं. विचारलं आणि 'नाही' आलं, तर सणाचे ते दोन दिवसही गेले. म्हणून तिने सात वर्षं विचारलं नाही. मला तिची फार दया यायची, पण मी पडलो लाकूड.

मग मुलगी मोठी झाली. तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वर्ष आलं. शनिवारी दुपारी चर्चमध्ये तालीम होती. सिस्टर मुलांना ओळीत उभं करून साध्या, आशीर्वाद न दिलेल्या भाकरीवर सराव करून घेत होत्या. पोरं एकमेकांना "कागदासारखी लागते रे" म्हणून सांगत होती. लॅबवाली इथे, माझ्यावर. तेवढ्यात सिस्टरांनी टाळी वाजवली. "आईबाबांनी मुलांच्या मागे उभं राहायचं. आधी मूल घेणार, मग आईबाबा. पुढच्या रविवारी कोणी गोंधळ घालू नका."

माझी कड तिने अशी आवळली, की मला वाटलं आता तुकडाच पडतो.

"सिस्टर, मला त्या दिवशी ड्यूटी आहे," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

तालीम संपली, सगळे पांगले, आणि मुलगी धावत मागे आली. आठ वर्षांची पोर, पण नजर वकिलाची.

"आई, खोटं का बोललीस? तू सुट्टी घेतलीयस."

आईने पर्स उचलली.

"मावशीआजी म्हणाली, तुला प्रसाद चालत नाही. आई, तू काय केलंस?" मग आवाज एकदम बारीक झाला. "कोणाला मारलंस का?"

देवा रे! मी किती काय काय ऐकलंय, पण तसं काही ऐकलं नव्हतं. आईने तिला जवळ ओढलं. "नाही गं राणी," एवढंच कसंबसं म्हणाली.

"मग?"

त्या 'मग'सरशी आई तिच्या बुटाच्या नाडीकडे वाकली. पोर तिच्याशेजारी धपकन बसली आणि हाताची घडी घालून म्हणाली, "तुला चालत नाही तर मलापण नको. मी नाही जाणार पुढे."

म्हणजे बघा, जी भीती आईने सात वर्षं एकटीने सांभाळली, ती आता पोरीच्या अंगाला लागायला निघाली होती. अशी पोर मोठी होऊन कुठे बसली असती? इथेच, माझ्यावर. सणापुरती. ते आईला कळलं. 

तेवढ्यात फादर एकेक पंखा बंद करत मागे आले. वय झालेलं, गुडघे दुखणारे फादर. "हा राहू देऊ का चालू?" त्यांनी बटणावर बोट ठेवून विचारलं.

"फादर," ती म्हणाली, आणि थांबली. मग एका दमात सगळं बाहेर आलं. "माझी फारकत झालीय. मला प्रसाद चालत नाही ना? तुम्ही नाही म्हणाल, मला माहितीय, पण हिला सांगा की हिला चालतो. हिचं काही चुकलेलं नाही."

फादरांचं बोट बटणावरच राहिलं. "दुसरं लग्न केलंस?"

"नाही."

"कोणाबरोबर राहतेस?"

"हिच्याबरोबर," ती मुलीकडे बोट दाखवून म्हणाली.

फादर हळूच माझ्यावर टेकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मला तर घामच फुटायचा बाकी होता. "अगं बाई," ते म्हणाले, "नुसती फारकत झाली म्हणून कोणी चर्चबाहेर पडत नाही. तुला अडवलंय कोणी? दर रविवारी मिस्सेला आली नाहीस, त्याची तेवढी पापकबुली दे. बाकी काही नाही. कोणी सांगितलं तुला हे?"

"मावशीनं."

"आणि मी दर नाताळला वरून टोमणे मारतोय," फादर स्वतःशीच म्हणाले.

ती आधी हसली. मग जे रडायला लागली, ते थांबेचना. सात वर्षं! कोणी दाराला कुलूप लावलेलं नाही आणि माणूस सात वर्षं उंबऱ्याशी उभं! मुलगी तिच्या दंडाला हलवत विचारत होती, "म्हणजे कोणाला मारलं नाही ना? आई, नाही ना?"

तुम्हाला वाटेल, संपली भीती. अहो, भीती अशी सांगून जाते का? तिने कबुली दिली, सगळं केलं, आणि त्या रविवारी आली ती सरळ माझ्याकडे. पुढे मुलांच्या ओळीत पांढऱ्या फ्रॉकमध्ये तिची पोर बसलेली, शेजारी आईची जागा रिकामी. आणि आई इथे, पुन्हा तसेच पाय आखडून. डोक्याला पटलं होतं, पण गुडघे ऐकत नव्हते. प्रसादाची वेळ आली. पहिली पोरं आईबाबांसह उठली. मी मनात म्हणत होतो, ऊठ बाई, ऊठ. ती वाकली आणि स्वतःच्याच चपलेचा पट्टा चाचपायला लागली.

मग पुढून कुजबूज ऐकू आली. तिने मान वर केली, तर पोर रांग सोडून मधल्या वाटेने मागे चालत येत होती. सगळी डोकी वळली. सात वर्षं जिला भीत होती तीच गोष्ट झाली. अख्खं चर्च तिच्याकडे बघत होतं. मावशी तर अर्धवट उठून, तोंडावर हात ठेवून.

"चल ना आई," पोर म्हणाली. "मलाच आता भीती वाटतेय."

तिने माझी कड सोडली.

पुढचं मला दिसलं नाही. मधे सगळे उभे होते, नुसत्या पाठीच पाठी. फादरांनी हात पुढे केला की मागे घेतला? फादर शब्द पाळणारे, मला माहीत होतं. तरी माझा जीव टांगणीला लागला. एक बारीक 'आमेन' आलं, ते पोरीचं. मग काहीच नाही. काहीच नाही. आणि मग दुसरं 'आमेन' आलं. घोगरं, मधेच फुटलेलं, जरा जास्तच मोठ्याने. हजार माणसांत ओळखलं असतं मी ते.

ती माझ्याकडे परत आली नाही. पोरीजवळ, पुढे बसली. बाहेर पडताना मावशी तिला म्हणत होती, "मलापण कोणीतरी तसंच सांगितलं होतं गं." ती मावशीला काही बोलली नाही, फक्त तिचा हात धरून पायऱ्या उतरवून दिल्या. आता ती साध्या रविवारीही येते. खोटं कशाला बोलू, मला तिची आठवण येते.

आता माझं. गेल्या महिन्यात मिस्सा झाल्यावर चर्चची कमिटी बसली. हार्डवेअरवाले अध्यक्ष माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हा मागचा बाक काढून टाकू. बसायला जागाच नाही म्हटल्यावर लोक आपोआप पुढे येतील." माना हलल्या. माझं तर लाकूड गार पडलं. तेव्हा लॅबवाली उभी राहिली. जिला रांगेत उभं राहता येत नव्हतं ती बाई भरसभेत उभी राहिली.

"राहू दे तो," ती म्हणाली. "तो नसता तर मी पुढे आले नसते. दारातूनच परत गेले असते."

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "बघू पुढच्या मीटिंगला." ती मीटिंग अजून व्हायची आहे. रोज सकाळी दाराची कडी वाजली, की मला वाटतं मला उचलायलाच आले.

पण आज तुम्ही आलात. आज ना नाताळ आहे ना ईस्टर, गर्दीही नाही. म्हणजे घरातून निघताना किती वेळा मागे फिरला असाल, ते मला कळतंय. काय भीती आहे ते मी विचारणार नाही. पुढचा बाक उठला तर उठू दे, तुम्ही गुडघे आखडा, कोणी बघितलं तर बघू दे. पण मिस्सा संपली की लगेच पळू नका. फादर पंखे बंद करत मागे येतात. त्यांना विचारून टाका. सात वर्षं थांबू नका हो. तेवढी वर्षं मी इथे नसेन.