देवनहळ्ळीला आगुंब्याचा पाऊस

श्यामलाबाईंनी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि ते उघडकीला आलं शाळेचे अध्यक्ष भगवंतराव समोर बसलेले असताना.

१९९९ साल. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या त्या शाळेत कॉम्प्युटर म्हणजे सोवळ्यातली वस्तू, हात लावायची सोय नाही. बाईंनी हुज्जत घालघालून आठवीच्या भूगोलासाठी त्या खोलीचं कुलूप काढायला लावलं. प्रत्येक पोराने इंटरनेटवर आपापल्या आजोळचा पाऊस शोधायचा आणि आकडा स्प्रेडशीटमध्ये भरायचा. फोनची लाइन एकच, तरी पोरं मधली सुट्टी सोडून रांगेत उभी राहिली. आज भगवंतराव बघणार होते. पटलं तर वर्ग चालू, नाही तर पुन्हा कुलूप.

पण बाईंची हौस दांडगी! पाहुण्यांपुढे नीटनेटकं दिसावं म्हणून काल संध्याकाळी त्यांनी आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावले. निवडला मात्र फक्त आकड्यांचा रकाना. गावांची नावं जागच्या जागी राहिली आणि पाऊस तेवढा इकडचा तिकडे गेला. बाईंना त्याचा पत्ताच नाही.

आता पडद्यावर आलेख उमटला. सगळ्यात उंच खांब देवनहळ्ळीचा.

भगवंतराव मूळचे देवनहळ्ळीचेच. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अक्का, आमच्याकडे विहिरी आटल्यात हो. हा घाटातल्या आगुंब्याचा धो धो पाऊस आमच्यावर कधी पडला?"

बाईंनी घाईघाईने खांबांखालची नावं पुन्हा वाचली. काय चुकलं तेच कळेना. झालं, संपलं सगळं! त्या काही बोलणार तोच चंदन ताडकन उठला.

"मिस, देवनहळ्ळी माझं आजोळ. मी एवढा नाही भरला!"

"आगुंबे माझं," भार्गवी ओरडली. "माझा पाऊस कुणी नेला?"

मग काय विचारता! मडिकेरी उठलं, चित्रदुर्ग उठलं, अख्खा वर्ग उभा. जो तो आपला आकडा सांगतोय, कुठल्या पानावर सापडला तेही सांगतोय. शाल्मली तर पुन्हा शोधून दाखवते म्हणत मोडेमकडे धावली.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "आकडे हलवले, त्यांच्याबरोबर गावं हलवायची राहिली." आणि आता कुलूपच, असं धरून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.

भगवंतराव खो खो हसत सुटले. "अहो, आमच्या मास्तरांनी तुंगभद्रा काश्मिरात नेली असती तरी आम्ही मुकाट्याने उतरवून घेतली असती! हे बघा कसे भांडतायत. सरी, चालेल! सोमवारपासून नववीलाही बसवा इथे."

बाई धपकन बाकावर बसल्या आणि भर वर्गात हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हुश्श! कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. पोरांना त्याचं काही नव्हतं. ज्याला त्याला आपला पाऊस परत हवा होता, आणि तोही आत्ताच्या आत्ता.