फाइव्ह-डीच्या पुढचा कॅमेरा

माझ्या बायकोचा एकही धड फोटो आमच्या घरात नव्हता. हे सांगितलं की ओळखीचे लोक हसायचे, कारण गेली पाच वर्षं मी कॅमेऱ्यांशिवाय दुसरं काही बोललेलो नाही.

मी गुरुमूर्ती राव. चेन्नईत गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात तपासनीस आहे. लेथवरून उतरलेले भाग व्हर्नियरनं मोजायचे, मापात बसले तर पुढं पाठवायचे, नाही तर परत. सत्तावीस वर्षं हेच काम. आमचं घराणं तंजावरचं मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. जुना रिळाचा कॅमेरा २००३ साली बिघडला तेव्हा मी ठरवलं, आता डिजिटल एसएलआर घ्यायचा. फक्त चांगला कॅमेरा बाजारात यायचा होता.

इंटरनेटवर एक फोरम होता. तिथं चेन्नईचे आम्ही चाळीसेक लोक रोज हेच लिहायचो. पुढच्या मॉडेलमध्ये सेन्सरवरची धूळ आपोआप झटकली जाईल. फोटो काढायच्या आधी मागच्या पडद्यावर चित्र दिसेल. कमी उजेडातही फोटो दाणेदार येणार नाहीत. कुणाच्या तरी सिंगापूरच्या मेव्हण्यानं एखाद्या दुकानदाराकडून काही ऐकलेलं असायचं, आणि त्यावर आमचा आठवडा जायचा. २००५ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी आला. त्याच महिन्यात आम्ही त्याच्या पुढच्याबद्दल बोलायला लागलो.

"तुमचा हा फाइव्ह-डीच्या पुढचा म्हणजे अमेरिकेचं स्थळ आहे," माझी बायको जयंती म्हणायची. "पत्रिका रोज येते, मुलगा काही येत नाही."

रविवारी सकाळी वेंकट यायचा. तो फोरमवरचाच. श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्यात नोकरीला आहे, आणि निघेल तो कॅमेरा विकत घ्यायची त्याला खोड. तो कॅमेरा दोन तास माझ्या हातात द्यायचा आणि मी चाचणी घ्यायचो. हॉलमध्ये दोरीवर वर्तमानपत्र चिमट्यांनी टांगायचं आणि बारीक अक्षरांवर फोकस करायचा. पंख्यानं कागद हलतो म्हणून जयंती मागं उभी राहून त्याचे खालचे कोपरे धरायची.

"पंखाच बंद करा की."

"मग घाम गळेल कॅमेऱ्यावर."

"अस्के पेपर धरून झाले माझे, एक राहिला नाही. पुढच्या रविवारी पंचांग धरू?"

वेंकटला मराठी येत नाही, पण तो हसायचा.

"माझाही एक काढा ना," ती कधीकधी म्हणायची.

"यात चेहऱ्याचा रंग नीट येत नाही. थांब. पुढचा येऊ दे."

आमचे जुने अल्बम २००५च्या पावसात भिजले आणि फोटो एकमेकांना चिकटून बसले. नातेवाइकांकडे लग्नातले होते, पण त्यातली मुलगी वेगळी. तरी मी थांबत राहिलो. गेल्या वर्षी महालय पक्षात जयंतीला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती.

सहा-सात महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की तिचा चेहरा मला आठवत नाही. हात आठवत होते. आवाज आठवत होता. चेहरा आठवायला गेलं की बँकेच्या पासबुकावरचा शिक्क्याखालचा फोटो डोळ्यांपुढं यायचा, आणि तो तिचा वाटत नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

वर्षश्राद्ध चोवीस सप्टेंबरला होतं. माझी मुलगी हरिप्रिया म्हणाली, त्या दिवशी भिंतीवर अम्माचा फोटो हवाच. ती पासबुकावरचा फोटो घेऊन टी. नगरच्या एका स्टुडिओत गेली. मी एक सप्टेंबरला संगणकावरच्या जुन्या चाचण्या काढून बसलो. चारशे बारा फोटो. सगळ्यांत वर्तमानपत्र, आणि कडेला तिचे अंगठे. एकाच फोटोत, मार्च २००७ च्या, ती कागदाच्या वरून डोकावली होती. पण फोकस अक्षरांवर होता. तिचा चेहरा म्हणजे नुसता तपकिरी डाग. नाकातली चमकी पसरून पांढरी चकती झाली होती. उजेडाचा ठिपका फोकसच्या बाहेर गेला की त्याची चकती होते. जितका बाहेर, तितकी मोठी. सवयीनं मी पडद्याला व्हर्नियर लावला. साडेअकरा मिलिमीटर.

मी फोरमवर विचारलं, असा चेहरा स्पष्ट करता येईल का? एकानं लिहिलं, फोटो काढून झाल्यावर फोकस निवडता येईल अशा कॅमेऱ्यावर अमेरिकेत काम चाललं आहे. दुसऱ्यानं लिहिलं, दोन वर्षांत जुन्या फोटोंसाठीही तसं सॉफ्टवेअर येईल, थांबा. मला बरं वाटलं. थांबायची मला सवय होती.

आठ तारखेला मी पुन्हा मोजलं. आठ मिलिमीटर.

पडद्यावर चित्र लहान-मोठं झालं असेल म्हणून सगळं तपासलं. तसं काही नव्हतं. मग दिसलं की वर्तमानपत्राची अक्षरं फिसकटली आहेत. फोकस कागदावरून सुटून मागं, तिच्याकडं सरकत होता. दुसऱ्या दिवशी साडेसात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सात. मी वेंकटला बोलावलं.

त्यानं फाइल तपासली. "सार, एक बाइटही बदललेला नाही. कॅमेरे पुरे, आता मोजणाऱ्यालाच सर्व्हिसिंगला पाठवा." मग माझं तोंड पाहून तो हसायचा थांबला. "तुम्हाला खरंच वेगळं दिसतंय?"

"तुला काय दिसतं?"

"मला पेपरातली बातमी वाचता येते, सार." आणि त्यानं पाण्याच्या टँकरची बातमी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली. मला तिथं मुंग्यांसारखे ठिपके दिसत होते.

सतरा तारखेला वेंकटचा फोन आला. "सार, आला! फाइव्ह-डीच्या पुढचा! एकवीस मेगापिक्सेल, व्हिडिओसुद्धा!"

"बरं," मी म्हणालो. माझ्या हातात व्हर्नियर होता. साडेतीन.

"बरं? तीन वर्षं वाट पाहिली आणि नुसतं बरं?"

"मी कामात आहे," म्हणून मी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी हरिप्रिया स्टुडिओतून फोटो घेऊन आली. अशा स्टुडिओत तयार अंग असतं: कांचीपुरम साडी, गळ्यात हार, खुर्चीत बसलेली बाई. त्यावर फक्त डोकं बसवतात. पासबुकावरची जयंती त्या साडीत बसली होती.

"ही कोण?" मी म्हणालो.

"अप्पा!"

"ही साडी तिची नाही. मानही तिची नाही."

"मग तिचा द्या. दर रविवारी घरात नवा कॅमेरा यायचा."

मी तिला पडद्यासमोर बसवलं. मापं लिहिलेला कागद दाखवला. रोज अर्धा मिलिमीटर. चोवीसला चकती शून्य होईल, चेहरा लख्ख येईल. तिनं बराच वेळ वाकून पाहिलं.

"मला पेपर दिसतो, अप्पा."

"सात दिवस थांब फक्त."

"अम्माला पण हेच सांगायचात," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तेवीसला अर्धा मिलिमीटर उरला. भुवया दिसत होत्या, ओठ दिसत होते. मनात आलं, आज कशाला? उद्या सकाळी शून्यावर येईल. फोटो छापायची लॅब नऊला उघडते, गुरुजी अकराला येणार. थांबावं. हे मनात आलं आणि माझी मलाच भीती वाटली. मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि टी. नगरची बस पकडली.

लॅबमधल्या माणसानं ती त्याच्या पडद्यावर उघडली. "फोकस पेपरवर बसलाय, सार. मागं कुणीतरी उभं आहे. कापून टाकू?"

"नको. आहे तसा छापा."

छापून आला तो फोटो त्याला दिसत होता तसाच. टँकरची बातमी मलाही आता वाचता येत होती. वर तपकिरी डाग आणि पांढरी चकती. पाकीट घरी आणून मी टेबलावर टाकलं आणि संगणकाकडं गेलोच नाही.

हरिप्रियानं पाकीट उघडलं. ती उभ्याउभ्या पाहत राहिली.

"ही अम्मा," ती म्हणाली. "रविवारी मी खोलीतून बाहेर यायचे तेव्हा अशीच दिसायची. पुढं पेपर, मागं ती."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं स्टुडिओतला फोटो कपाटात ठेवला आणि त्याच्या चौकटीत हा बसवून भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी श्राद्ध त्याच्यापुढंच झालं. हार घालायच्या आधी गुरुजींनी बातमी वाचली, मग चष्मा काढून पुसला.

मंडळी गेल्यावर, चारच्या सुमारास, मी संगणक सुरू केला. चकती नव्हती. टाचणीच्या टोकाएवढी चमकी होती, आणि जयंती होती. पंख्यानं कपाळावरचे केस उडालेले. कागदावरून पाहता यावं म्हणून हनुवटी वर केलेली. ती कॅमेऱ्याकडं पाहत नव्हती, त्याच्या बाजूनं माझ्याकडं पाहत होती, आणि भुवया उंचावलेल्या होत्या. दोन्ही हात अडकलेल्या माणसानं किती वेळ लागेल ते विचारावं, तसा तो चेहरा. तो मला पूर्ण आठवला. तो मी दर रविवारी पाहिला होता आणि उत्तर दिलं नव्हतं.

मी हरिप्रियाला हाक मारली. ती आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि "हो, अप्पा" म्हणाली. तिला काय दिसलं ते मी विचारलं नाही.

पंचवीसला सकाळी पाहिलं तर चकती परत आलेली, अर्धा मिलिमीटर. या वेळी तिच्या मागची भिंत स्पष्ट होत चालली होती. फोकस तिच्यावर थांबला नाही, तिच्यातून पुढं गेला. आज पाच ऑक्टोबर. चकती साडेपाच मिलिमीटर झाली आहे. वेंकट म्हणतो डॉक्टरला दाखवा, आणि कदाचित दाखवीन. रोज ती थोडी जाते आणि मी रोज मोजतो.

हॉलमधला छापील फोटो मात्र बदलत नाही. तोही मी मोजतो. तिथं ती पुसट आहे ती तेवढीच पुसट आहे, आणि सध्या माझा भरवसा त्याच्यावरच आहे.