हरवलेली साडेतीन हजार वर्षं

डॉक्टर कॅरदर्स हेलसे बेटावर बोटीतून उतरले, तेव्हाच ओसलानं त्यांचे बूट पाहिले आणि मनातल्या मनात नाक मुरडलं. म्हणे दलदलीचा अभ्यासक, आणि बुटाला चिखलाचा ठिपका नाही.

आठ दिवसांनी त्यांनी ओसलाला आणि तिच्या थोरल्या भावाला, गिबीला, टेकडीवर बोलावून घेतलं. तिथे दोघांचा पीटचा, म्हणजे दलदलीत थरांनी साचलेल्या जळाऊ मातीचा, पट्टा होता. मे महिन्यात त्या काळ्या मातीच्या विटा कापायच्या, वाऱ्यावर वाळवायच्या आणि हिवाळाभर चुलीत घालायच्या. बेटावर झाड औषधालाही नाही. घरात दुसरं जळण नाही.

डॉक्टरांनी जमिनीत नळी खुपसून मातीची लांब कांडी काढली होती.

"हे पाहा बाई, तळाशी बर्चच्या झाडांचे परागकण, वर सातूचे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे शेती होती. आणि त्याच्या लगेच वर आजकालचं गवत! मधली साडेतीन हजार वर्षं गायब. लोक बेट टाकून पळाले. हा पट्टा राखीव व्हायला हवा, तशी शिफारस मी आज पाठवतोय."

"राखीव म्हणजे?"

"फावडं लावायचं नाही."

"मग थंडीत शेकायचं कशावर? तुमच्या शिफारशीवर?"

"हळू, ओसले," गिबी पुटपुटला. "शिकलेला माणूस आहे."

"दिसतंय ना. शिकता शिकता विचारायचं तेवढं राहून गेलं." ती डॉक्टरांकडे वळली. "साहेब, कापण्याआधी आम्ही वरचं गवताचं सालटं सोलतो. ते फेकत नाही. कापून झालं की खड्ड्याच्या तळाशी अंथरतो, मेंढ्यांना चरायला. तुमची नळी नेमकी त्या अंथरुणात शिरलीय. तुमची साडेतीन हजार वर्षं कुठेही पळाली नाहीत. आमच्या आजोबा-वडिलांनी ती चुलीत घातली."

डॉक्टर हसले. पोराच्या बोबड्या बोलांना हसावं तसे. "ऐकीव गोष्टींवर विज्ञान चालत नाही, बाई. पुरावा लागतो."

 पुरावा होता. पन्नास वर्षं ओसलानं त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. तिनं चोरून गिबीकडे पाहिलं, मग खाली घराच्या धुराड्याकडे. मग फावडं उचललं, हद्दीच्या दगडापासून सात पावलं चालली आणि डबा उघडावा तसं गवत उचकटलं.

खाली कान तुटलेला, निळ्या काठाचा चहाचा कप.

"हा कुठल्या युगातला, साहेब? पळायच्या आधी चहा घेतला वाटतं लोकांनी!"

डॉक्टर उकिडवे बसले. खड्ड्याच्या कडेला फावड्याच्या सरळ खुणा आता त्यांनाही दिसल्या.  मग शिफारशीचा कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात कोंबला. "आधी विचारायला हवं होतं."

"हवं होतं."

गिबी मात्र कपाकडेच बघत होता. "हा आईचा कप."

"हो."

"मी हरवला म्हणून बाबांनी मला बडवलं होतं, तो."

"मी सात वर्षांची होते, गिबी. हातातून पडला. घाबरले, आणि अंथरलेल्या सालट्याखाली लपवला."

"इतकी वर्षं मलाही वाटायचं गं, की माझ्याच हातून हरवला."

 गिबीनं ओसलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिनं डॉक्टरांच्या बुटांकडे पाहिलं होतं तशी नजर तिच्या बुटांवर आणून ठेवली. मग त्यानं कप उचलला, स्वेटरला पुसला आणि उतरणीला लागला.

"उद्या कापायला लागू," तो मागे न बघता म्हणाला. "सालटं तू सोलायचं. सगळं."