चार बोटांची पट्टी

मित्रांनो, जरा कल्पना करा. तलावाच्या काठावर पत्र्याची एक खोली आहे. आढ्यापासून चुलीपर्यंत एकच मोठं जाळं लोंबतंय. त्याखालून वाकून गेल्याशिवाय कुणाला पाणीसुद्धा पिता येत नाही. त्याच खोलीत खिळ्याला टांगलेली लाकडी पट्टी म्हणजे मी.

मी जुनी आहे, पण मोडीत निघालेली नाही! मोडक्या वल्ह्यातून या घरातल्या आत्याने मला घडवलं, तिच्या चार बोटांइतकी रुंद. माझ्याभोवती दोरा फिरवून गाठ मारली की जाळ्याचा एक डोळा तयार होतो. मी जेवढी रुंद, तेवढा डोळा मोठा. त्यातून पिल्लं निसटतात आणि वाढलेले मासे अडकतात. म्हणून तर तलावात आजवर मासे राहिले.

यंदा मात्र मोठे मासे कमी मिळाले. घरात दिवसातून एकदाच चूल पेटू लागली. व्यापारी दारात येऊन म्हणाला, "बारीकसारीक काहीही आणा. कोंबड्यांच्या खाद्याला चालतं. सगळं उचलतो."

तो गेल्यावर आत्याच्या भावाने मला खिळ्यावरून काढलं. "ताई, ही तासून अर्धी करतो. नवं जाळं बारीक विणू."

"चाकू घेतलाच आहेस तर आधी अकलेला धार लाव!"

"अकलेने पोट भरतं का? पोरीला काय पाणी पाजून निजवू?"

आत्याचं न ऐकता त्याने चाकू चालवला. माझ्या कडेची लांब साल खाली पडली. पण माझ्या लाकडात एक गाठ आहे. तिथे मी चाकू असा धरून ठेवला की तो पुढेही जाईना, मागेही येईना.

तेवढ्यात त्याच्या लेकीने मला हिसकावलं. सतत बडबडते म्हणून तिला सगळे टिटवी म्हणतात.

"बाबा, यंदा पिल्लं विकली तर पुढच्या वर्षी काय, पाणी विकणार?"

"आणि आज काय खाशील?"

"आहे त्यातलं अर्धं. पण पट्टी देणार नाही."

मित्रांनो, मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. भूक खरी असते, ती मी याच खोलीत पाहिली आहे. पण भुकेच्या नावाखाली कुणी तुमच्या उद्याच्या ताटाला हात घातला, तर माझ्यासारखे अडून बसा.

टिटवीने माझ्या तासलेल्या कडेवर फडक्याची चिंधी गुंडाळली. आत्याचा हात ओढून बोटं लावून पाहिली आणि आणखी एक वेढा दिला. मग बाबांच्या पुढ्यात मांडी ठोकून बसून तिने नव्या जाळ्याची पहिली गाठ मारली आणि दोऱ्याचं दुसरं टोक धरायला त्यांच्याच हातात दिलं.