उर्वीचा अंगठा

धनेश सावर्डेकर चहा पीत नसे, आणि एवढ्या एका कारणाने ओमानमधल्या अख्ख्या रुवीत त्याच्याइतका संशयास्पद मराठी माणूस दुसरा नव्हता. चहा नाही, कॉफी नाही, दारू तर नाहीच. एसी दुरुस्तीला ज्या घरी जाई तिथे काहवा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, पुढे आला की तो छोटा पेला दोन बोटांत हलवून परत देई. ओमानी माणसं पिऊन झाल्यावर 'आता पुरे' म्हणून हलवतात तसाच, फक्त हा पिण्याआधी हलवायचा. "तू मुसलमान नाहीस, हिंदू नाहीस म्हणतोस, मग आहेस तरी कोण?" असं त्याचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, अधूनमधून विचारी. "मॉर्मन," धनेश सांगे. अर्बाब समजल्यासारखी मान डोलवी आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच विचारी. चिपळूणहून आई, मैनाबाई, फोनवर वेगळंच विचारायची: "चहा सोडलास ना बाबा, मग देव तरी भेटला का?"

इथेच तर घोडं अडलं होतं. देव भेटला की नाही हे धनेशलाच धड सांगता येत नव्हतं. विशाखाशी लग्न केलं तेव्हा तिच्याबरोबर तिचं हैदराबादचं मॉर्मन चर्चही आलं, आणि ते त्याला आवडून गेलं. अमेरिकेतल्या टेकडीत पुरलेली धर्मग्रंथाची सोन्याची पानं, ती दाखवणारा देवदूत, हे सगळं त्याने कधी घडलेलं म्हणून घेतलं नाही. एक चांगली गोष्ट म्हणून घेतलं, आणि चांगल्या गोष्टीला पुरावा मागायचा नसतो असं त्याचं मत होतं. पण तिथली माणसं! माणसांसाठी तो जीव टाकायचा. आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारी. धनेश इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर. खुर्च्या तो मांडणार, एसी तो चालू करणार, गाणी बेसूर पण छातीठोक गाणार. कुणाचं बिऱ्हाड हलवायचं असलं की फ्रिजचं जड टोक ठरलेलं धनेशकडे.

पंचाईत व्हायची ती महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. त्या दिवशी सगळ्यांचा उपास, आणि ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची. एकेक जण उभा राहून म्हणे, मला ठाऊक आहे की हे खरं आहे. धनेशही उभा राही, घसा साफ करी आणि म्हणे, "मला आशा आहे." लगेच खाली बसे. पहिल्या रांगेतून कलावतीमावशी मान वळवून चष्म्यावरून बघत.

कलावतीमावशी म्हणजे विशाखाची सख्खी मावशी. रुवीतल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढलेली बाई. देवदूताच्या झग्याचा रंग कोणता इथपर्यंत त्यांचा विश्वास पक्का. "धनेशराव," जिन्यात गाठून त्या म्हणत, "नुसती आशा किती वर्षं करणार? एकदाचं ठाऊक करून घ्या की."

अशात उर्वीला आठ वर्षं पूर्ण झाली. आठ वर्षं झाली की मुलांचा बाप्तिस्मा, आणि तो शक्यतो बापाने स्वतःच्या हाताने द्यायचा. धनेशला त्या विचाराने गुदगुल्याही व्हायच्या आणि धास्तीही वाटायची. आपली पोरगी पाण्यातून वर येईल ती आपल्याच हातातून यावी, दुसऱ्या कुणाच्या नव्हे, हे त्याला फार फार हवं होतं. पण पोटात एक आणि ओठात एक ठेवून कसं करायचं? शेवटी तो चर्चच्या तिथल्या शाखेच्या प्रमुखांकडे गेला. हे उंचच उंच अमेरिकन गृहस्थ इब्रीकडे तेलाच्या कामावर होते, त्यांना सगळे प्रेसिडेंट म्हणत.

"साहेब, ती सोन्याची पानं मला गोष्ट वाटतात," धनेश एका दमात बोलून मोकळा झाला.

प्रेसिडेंटनी बराच वेळ दाढी नसलेली हनुवटी खाजवली. मग विचारलं, "मुलीला बाप्तिस्मा द्यायची इच्छा आहे?"

"जीव तोडून आहे."

"मग दे. तुझं पुढचं पुढे बघू. तुझ्या मावशींना मात्र तूच सांभाळ."

आणि नेमकं तेच कठीण होऊन बसलं. बाप्तिस्म्याला दोन साक्षीदार लागतात. काठावर उभं राहून त्यांनी बघायचं, की माणूस नखशिखांत बुडाला. केस वर राहिला, पुन्हा. बोट वर राहिलं, पुन्हा. आजवर हा मान पुरुषांचा होता, पण त्याच वर्षी, दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरात, अमेरिकेहून नियम बदलल्याचा निरोप आला की बायकाही साक्षीदार होऊ शकतील. मावशींनी तो निरोप ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन नवा चष्मा केला.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सगळी मंडळी बरक्याला निघाली. तिथे एका मळ्यात पोहण्याचा हौद होता, सहलींसाठी भाड्याने मिळायचा. मळ्याची राखण करणारा नूरुद्दीन मूळचा दापोलीकडचा. गाड्या आत येताना दिसल्या तसा तो डोकं खाजवत पुढे आला.

"मोटर जळली साहेब. अर्धाच भरलाय."

अर्धाही भरला नव्हता. पाणी धनेशच्या गुडघ्याच्या जरा वर, तळाला शेवाळ, आणि गारठा असा की बोट घातलं तर बोट परत मागावं लागेल. विशाखा म्हणाली, "आता आलोच आहोत तर करूनच जाऊ." तिचा विश्वास शांत होता. नवऱ्याच्या विश्वासाची चौकशी करत बसायला तिला वेळ नसे.

उर्वीला घालायला चर्चचा पांढरा झगा होता तो मोठ्या माणसाचा. त्यात ती पाण्यात उतरली आणि झग्यात हवा भरून तिचा भोपळा झाला. काठावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशींनी वळून पाहिलं, हसू बंद झालं. दुसरा साक्षीदार एक फिलिपिनो गृहस्थ होता, तो मावशींच्या शेजारी शिपायासारखा ताठ उभा राहिला.

धनेशने उजवा हात उंचावला, ठरलेले शब्द चुकू न देता म्हटले आणि उर्वीला पाठीवर आडवं करून पाण्याखाली नेलं.

"वेणी," मावशी म्हणाल्या.

वेणीचं टोक वरच राहिलं होतं. वेणी झग्यात खोचली. पुन्हा हात वर, पुन्हा शब्द, पुन्हा पाणी.

"अंगठा."

उजव्या पायाचा अंगठा पाण्यावर येऊन इकडेतिकडे बघत होता. आता यात उर्वीचाही दोष नव्हता. शाळेत तिला पाठीवर पोहायला शिकवलं होतं. पाठ टेकली की पाय वर, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिसऱ्या वेळी दोन्ही अंगठे आले. नूरुद्दीन कट्ट्यावर उकिडवा बसून बघत होता. न राहवून त्याने विशाखाला विचारलं, "ताई, पोरीने केलंय तरी काय?"

इतका वेळ हसू दाबणाऱ्या धनेशचं हसू एकदम मावळलं. आयुष्यात कशाचाही शब्दशः अर्थ न घेतलेल्या त्या माणसाने उर्वीच्या अंगठ्याचा मात्र शब्दशः अर्थ घेतला. "प्रेसिडेंट," तो म्हणाला, "तुम्ही उतरा. माझ्या हातून नाही व्हायचं."

"का हो?" मावशींनी मराठीत विचारलं.

"मावशी, पाणी तिला घेत नाहीये. तुम्हाला माहीतच आहे माझं ते... आशेचं."

"कपाळ माझं!" मावशी कडाडल्या. "पाणी गुडघाभर, झग्यात हवा, पोरगी पोहणारी. अंगठा वर येणार नाही तर काय होणार? यात देवाला कशाला ओढता? त्याला काय बरक्याला येऊन तुमची मोटर जाळण्यावाचून दुसरे उद्योग नाहीत?"

धनेशला रडावं की हसावं कळेना. देवदूताच्या झग्याचा रंग सांगणारी बाई त्याला हवेचं आणि पाण्याचं गणित शिकवत होती. तेवढ्यात दात वाजवत उभ्या असलेल्या उर्वीने त्याचा शर्ट ओढला.

"बाबा, एक क्वेश्चन आहे. ती गोल्डन पानं... खरंच होती?"

काठावरच्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांत मावशी सगळ्यात जवळ होत्या, आणि त्यांचे कान तरुण होते. 'हो' म्हणून टाकलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. धनेशने मावशींकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मला नाही ठाऊक, सोन्या," तो म्हणाला. "खरंच नाही ठाऊक. पण तू झालीस तेव्हा आई खूप दिवस हॉस्पिटलात होती. मी एकटा, तू एवढीशी, आणि मला तुझा लंगोटही बांधता येईना. तेव्हा ही सगळी माणसं रोज दारात. कुणी मॅकरोनी आणली, कुणी शेवया, मावशींनी खिचडी. फ्रिजचं दार लागत नव्हतं. प्रेसिडेंटनी तुला मांडीवर घेऊन गाणं म्हटलं, माझ्याहून वाईट म्हटलं. ते सगळं खरं होतं." त्याने तिच्या कपाळावरची ओली बट मागे सारली. "ते मला ठाऊक आहे."

हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आले होते. ते त्याच्या लक्षात आलं नाही, मावशींच्या आलं.

उर्वीने खात्री करून घेतली. "खिचडी पण खरी?"

"खिचडी तर शंभर टक्के."

"ओके. मग तुम्हीच करा. प्रेसिडेंट अंकल नको. आणि लवकर, मला थंडी वाजते."

"तुझे पाय माझ्या पायाखाली ठेव," धनेश म्हणाला. तिने ठेवले, त्याने वरून हलकेच दाबले. हात वर गेला. शब्द म्हणून झाले. त्याने तिला मागे झुकवलं, अंगठे दाबायला आणखी जरा पुढे सरकला, आणि शेवाळावरून त्याची टाच सटकली. पाणी केवढं तरी उडालं. बाप, लेक, झगा, सगळंच एकदम गडप झालं. हौदावर फक्त बुडबुडे उरले.

मग दोघंही एकाच वेळी वर आले, खोकत, थुंकत, एकमेकांना घट्ट धरून, आणि उर्वी इतक्या मोठ्याने हसत सुटली की प्रेसिडेंटही हसले, विशाखाने तोंडाला ओढणी लावली आणि नूरुद्दीनने टाळ्या वाजवल्या. फक्त दुसरा साक्षीदार न हसता मावशींच्या तोंडाकडे बघत राहिला.

मावशींनी नवा चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"बुडाली," त्या म्हणाल्या. "नखशिखांत." मग टॉवेल घेऊन हौदाच्या पायरीपर्यंत आल्या, आणि तो उर्वीच्या आधी धनेशच्या खांद्यावर टाकला. "जावईही बुडाले. पूर्ण. मी पाहिलं."

"माझा बाप्तिस्मा कधीच झालाय, मावशी," धनेश दात वाजवत म्हणाला. "लग्नाआधीच. हैदराबादला."

"झाला असेल," मावशी म्हणाल्या. "तेव्हा मी साक्षीदार नव्हते."