पाणकोंबडीला निरोप

“काय रे शेकाट्या, काडीसारखे पाय तुझे, तरी चिखलातून चालतोस! काही लोकांना सपाट वाटेवरही कण्हायला होतं,” धाकटी पाण्याकडे बघत म्हणाली.

तो लांब, लाल पायांचा पक्षी चिखलात चोच खुपसत राहिला. मागून काठी टेकत येणाऱ्या थोरलीने उत्तर दिलं, तेही त्यालाच. “बाबा रे, तुझा गुडघा बदलला असता आणि वर असली जाऊ नशिबी आली असती, म्हणजे कळलं असतं.”

दोघी जावा. घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत आली आणि तळ्याकडची एकुलती खिडकी थोरलीकडे गेली. धूळ येते म्हणून थोरलीने ती खिडकी कधी उघडली नाही, आणि धाकटीने तिच्यापुढे तोंड उघडलं नाही. हिशेब चोख.

मग थोरलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. थोरलीची मुलगी परगावी. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. धाकटीचा जन्म इस्पितळाच्या चादरी धुण्यात गेलेला, दुखण्याला ती दचकत नसे. पहिल्या सकाळी ती थोरलीच्या दारात उभी राहिली आणि अंगणातल्या साळुंकीला म्हणाली, “उठा आता, ऊन चढेल.” थोरली उठली.

तेव्हापासून शहरामागच्या या तळ्याभोवती सगळा कारभार पाखरांमार्फत चालला होता. टोमण्याला खंड्या, औषधाची आठवण करायला पाणकावळा. पाण्यावर भिरभिरणारा चतुर दिसला की मात्र दोघी टोमणे विसरत आणि त्याचे पंख निरखत खांद्याला खांदा लावून उभ्या राहत. हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

आजचा फेरा शेवटचा. दुपारी मुलगी थोरलीला न्यायला येणार होती, कायमची. जाण्याआधी आभार मानायला हवेत, हे थोरलीला कळत होतं. पण तोंडाला ती सवयच नव्हती.

“हा बगळा बघा, काय पांढरा निघालाय,” धाकटी हवेत म्हणाली. “आम्ही सोडा ओतून ओतून थकलो, पण एक चादर अशी निघेल तर शपथ.”

थोरलीला हसू आलं. वाक्य अगदी ओठांवर आलं आणि नेमका बगळा उडाला. पुढे खंड्या होता, पण असला निरोप त्याच्या हाती देण्याइतका तो भरवशाचा वाटला नाही.

तळ्याचं फाटक जवळ आलं तशी थोरली थांबली. पाण्याकडे बघत घाईघाईने म्हणाली, “ए पाणकोंबडे, तू होतीस म्हणून मी पायावर उभी राहिले. पोटच्या पोरीला जमलं नसतं ते केलंस.” तिने पिशवीतून किल्ली काढली. “ही माझ्या खोलीची. तळ्याकडची खिडकी उघडत जा. धूळ आली तर येऊ दे.”

धाकटीने पाण्याकडे पाहिलं. पाणनिवळीचे किडे वरवर सरकत होते. गवताच्या पात्यावर चतुराच्या जातीची एक निळी टाचणी पंख मिटून बसली होती. बाकी कुणी नव्हतं.

“जाऊबाई,” ती म्हणाली. हा शब्द काढायला तिला वेळ लागला. “इथे पाणकोंबडी नाहीये.”

“दिसतंय मला. गुडघा बदललाय, डोळे नाहीत.”

धाकटीने किल्ली घेतली. दोघी फाटकापाशी आल्या, आणि बाहेर न पडता पुन्हा बांधावर वळल्या. या वेळी काठी धाकटीच्या हातात होती आणि थोरलीचा हात तिच्या खांद्यावर.