वॉचमनकाकांसमोरची पेटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पेटी. एका दवाखान्याच्या भिंतीवर मी टांगलेली आहे आणि माझ्या पोटात कंडोम असतात. हसू आलं? हसून घ्या. मला त्याची सवय आहे, आणि जो एकदा हसून मोकळा होतो त्याच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं.

ज्या कारागिरानं मला घडवलं तो एरवी टपालपेट्या बनवायचा. त्या सवयीनं त्यानं माझ्याही डोक्यावर फट पाडली. मला न्यायला आलेला कारकून म्हणाला, "अहो, यात काही टाकायचं नाही, यातून काढायचंय. फट खाली हवी." कारागिरानं विचारलं, "काढायचंय काय?" कारकुनानं त्याच्या कानात सांगितलं. बिचाऱ्याचे कान लाल झाले. त्यानं मुकाट्यानं खाली फट पाडली आणि वरची बुजवून टाकली.

सुरुवातीची सहा वर्षं मी जिन्याच्या वळणावर होते. तिथे उजेड कमी आणि शेजारी 'दात कसे घासावेत' असं एक भित्तिपत्रक. दातांविषयी इतकी आस्था असलेली माणसं जगात दुसरीकडे कुठे नसतील. ट्रक चालवणारे, नवीन लग्न झालेले, चष्मा सावरणारे प्राध्यापक, सगळे ते पत्रक मन लावून वाचायचे आणि वाचता वाचता एक हात हळूच माझ्याकडे यायचा. पाकीट खिशात गेलं की स्वारी पसार. वळून कोणी पाहत नसे, आभार तर दूरच. पण माझं पोट रोज रिकामं व्हायचं. झाडलोट करणाऱ्या मावशी मला भरताना म्हणायच्या, "घे बाई, जेव पोटभर." तेवढंच काय ते माझ्याशी कोणी बोलत असे, आणि मला ते पुरत होतं.

मग नवे साहेब आले. माणूस भला होता. ते म्हणाले, "चांगली वस्तू अशी कोपऱ्यात का लपवायची? सगळ्यांना दिसली पाहिजे." झालं! मला खरवडून नवा रंग दिला, अंगावर ठळक अक्षरं लिहिली आणि थेट मुख्य दारात लावलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं आणि त्या दिवसापासून माझ्यात कोणी हात घातला नाही.

कारण माझ्या अगदी समोर वॉचमनकाकांची खुर्ची होती. काका म्हणजे लाख माणूस. आंधळ्याला हात धरून खोलीपर्यंत नेतील, रडणाऱ्या पोराला गप्प करतील. फक्त त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे. दारातून कोणी आत आलं की लगेच विचारणार, "काय, कोणाकडे? काय होतंय?" आता सांगा, माझ्याकडे आलेल्या माणसानं काय उत्तर द्यावं? लोक दारापर्यंत यायचे, माझ्याकडे पाहायचे, काकांकडे पाहायचे आणि पाणी पिऊन परत जायचे. महिन्याच्या बैठकीत ठरलं की मागणी राहिलेली नाही. मावशी यायच्या, झाकण उघडून बघायच्या आणि भरलेली तशीच मला बंद करायच्या. भरल्या पोटी एवढं एकटं वाटतं हे मला तेव्हा कळलं.

अशात एक मुलगी आली. शिलाईच्या कारखान्यात काजं करायची. ओढणीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. मंगळवारची जेवणाची सुट्टी होती. तिनं हात पुढे केला आणि काका म्हणाले, "काय गं पोरी, कोणाला भेटायचंय?"

"कोणाला नाही काका." ती गेली.

शुक्रवारी ती परत आली. काकांनी तिला ओळखलं. "आज कोण आजारी?"

"आजी," ती चाचरत म्हणाली. "औषध न्यायचंय."

काका स्वतः उठले आणि तिला औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभं करून आले. वीस मिनिटांनी चिठ्ठी विसरल्याचं सांगून ती बाहेर पडली. जाताना तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी तिथेच होते आणि गच्च भरलेली होते, पण तिच्या काडीच्या उपयोगाची नव्हते.

सोमवारी दुपारी बाराला ती पुन्हा आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. तिनं हळू आवाजात विचारलं, "काउन्सेलर मॅडम आहेत का?"

"त्या रजेवर आहेत पोरी. गुरुवारी ये, निवांत बोलता येईल," काका म्हणाले.

ती मान डोलावून वळली. तेवढ्यात सिस्टर हातात ट्रे घेऊन बाहेरून आल्या. मुलीनं त्यांना अडवलं. "सिस्टर, गुरुवारपर्यंत थांबलं तर चालतं का?"

"कशासाठी?"

मुलीनं काकांकडे पाहिलं. सिस्टरनी तिला माझ्या बाजूला, दाराच्या आडोशाला घेतलं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. शनिवारी दुपारी ती आणि तिचा होणारा नवरा जवळ आले होते, कंडोम नव्हता. रविवारी सकाळी त्यानं रडत रडत सांगितलं की त्याला एचआयव्ही आहे आणि वर्षभरापासून त्यानं गोळ्या सोडल्या आहेत.

"आणि काल दिवसभर काय केलंस?"

"कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना."

सिस्टरनी ट्रे माझ्या डोक्यावर ठेवला. "अगं, गुरुवार कसला! संसर्ग टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. म्हणजे उद्या दुपारपर्यंत. आणि जितका उशीर तितका गुण कमी. चल, डॉक्टर आहेत आत."

त्या दिवशी तिची तपासणी झाली आणि पहिली गोळी सिस्टरनी स्वतःसमोर घ्यायला लावली. मग अठ्ठावीस दिवस, एकही न चुकवता. मध्येच ती येऊन म्हणाली, "मळमळतं हो फार, बंद करू का?" सिस्टर म्हणाल्या, "बंद करायची नाही. जेवून घेत जा, आणि डॉक्टरांना सांगू, ते उपाय देतील. आणि त्यालाही घेऊन ये. गोळ्या रोज घेतल्या तर त्याचंही आयुष्य नीट चालतं." पुढे सहा आठवड्यांनी एक तपासणी, तीन महिन्यांनी शेवटची. मी भिंतीवर टांगलेली. मला फक्त वाट पाहता येत होती. असं वाट पाहणं शत्रूच्याही नशिबी येऊ नये.

शेवटच्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते. काकांनी काळजीनं विचारलं, "काय पोरी, बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे काका. काही झालं नाही मला. थोडक्यात वाचले." ती निघाली आणि थांबली. "काका, रागावू नका, पण मी या पेटीकडेच आले होते. दोन वेळा. तुम्ही विचारलंत म्हणून परत गेले."

मग तिनं त्यांच्या देखत माझ्यात हात घातला, दोन पाकिटं काढली, त्यांवरची तारीख वाचली आणि पर्समध्ये टाकून गेली.

काका खुर्चीवरून उठले. मग साहेबांकडे जाऊन म्हणाले, "साहेब, ती पेटी माझ्यासमोरून हलवा. मी फार बोलतो." साहेब म्हणाले, "वरून मंजुरी घ्यावी लागेल, वेळ लागेल." काकांनी मंजुरीची वाट पाहिली नाही. त्यांनी खुर्ची उचलली आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवली. आता ते माझ्याकडे पाठ करून बसतात. पाठीमागे पावलं वाजली की त्यांची मान वळायला बघते, पण ते वळत नाहीत. आता त्यांच्याशी दिवसभर फारसं कोणी बोलत नाही. मला त्यांची दया येते. आणि खाली, माझ्या फटीत, पुन्हा हात येऊ लागले आहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, प्रेमात पडाल. तेव्हा माझ्याकडे या, लाजत या, पण या. पाकीट दरवेळी नवं घ्या, ते उन्हात ठेवू नका. कोणी माझ्यापाशी उभं दिसलं तर तुम्ही दुसरीकडे बघा, एवढं माझं ऐका. आणि घडू नये ते घडलंच, तर गुरुवारवर ढकलू नका, तडक दवाखाना गाठा. बहात्तर तास म्हणजे तीनच दिवस, आणि त्यातला एक तर लाज वाटण्यातच जातो.